नवा बाँड येण्याआधी: पहिल्यांदाच या मालिकेत शिरणाऱ्यांसाठी

भाचीचा फोन आला. तिच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की चार-पाच जण नव्या बाँडपटावर तावातावाने बोलतात आणि ही मधे बसून नुसती ऐकते. "मामा, मी एकही बघितलेला नाही. आता पंचवीसच्या पंचवीस बघायचे का? आणि तोवर तोंडच उघडायचं नाही का?" तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण दर नव्या बाँडच्या आधी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच.

पंचवीस बघायची गरज नाही, दहा-अकरा पुरतात. आणि बोलायला सुरुवात पहिला सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी करता येते, फक्त काय बघायचं ते माहीत हवं. इतकी वर्षं या गप्पांत घालवल्यावर मला त्यांची एक किल्ली सापडली आहे: प्रत्येक नवा बाँड हा मागच्या बाँडला दिलेलं उत्तर असतो. मागच्याने काय केलं होतं हे कळलं की नव्याबद्दल तुमचं स्वतःचं मत तयार होतं, दुसऱ्याचं उसनं आणावं लागत नाही. खालची सगळी वाट त्यासाठीच आखली आहे.

आधी मोजणी करून घ्या

लंडनमध्ये ऑक्टोबर १९६२ मध्ये झळकलेल्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत ईऑन प्रॉडक्शन्स या एकाच संस्थेने काढलेले २५ सिनेमे म्हणजे ही मालिका. बाँड झालेले नट सहा. शॉन कॉनरी सहा वेळा, जॉर्ज लेझनबी एकदाच, रॉजर मूर सात, टिमथी डाल्टन दोन, पिअर्स ब्रॉस्नन चार आणि डॅनियल क्रेग पाच.

या मोजणीबाहेरचे दोन सिनेमे नवख्यांना हमखास चकवतात. १९६७ मध्ये 'कसिनो रोयाल' नावाचं एक विडंबन आलं होतं. त्याचा २००६ च्या 'कसिनो रोयाल'शी नावापलीकडे फारसा संबंध नाही, तेव्हा शोधताना साल बघूनच बटण दाबा. माझा एक मित्र अर्धा तास विडंबन बघत होता आणि लोक याचं एवढं कौतुक का करतात म्हणून हैराण झाला होता. दुसरा १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन'. त्यात कॉनरीच आहे, पण कथेच्या हक्कांच्या जुन्या भांडणातून तो वेगळ्या निर्मात्यांनी काढला. तो राहू द्या.

मूळ पुस्तकं इयन फ्लेमिंग यांची. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते, पुढे जमैकातल्या आपल्या घरी बसून लिहू लागले, आणि पहिली कादंबरी १९५३ साली आली. नायकाचं नाव त्यांनी एका पक्षितज्ज्ञाच्या पुस्तकावरून उचललं. वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या त्या माणसाचं नाव खरोखरच जेम्स बाँड होतं. पुस्तकं वाचलीत तर उत्तम, पण सिनेमाच्या गप्पांसाठी त्यांच्यापाशी अडून राहू नका.

सुरुवात २००६ पासून करा

जुनी मंडळी सांगतील की 'डॉ. नो'पासून क्रमाने बघ. त्यांचं प्रेम मला समजतं, पण हा सल्ला ऐकणारे बहुतेक जण चौथ्या-पाचव्या सिनेमाला कंटाळून सोडून देतात. साठच्या दशकातली गती वेगळी आहे आणि तिची गोडी लागायला आधी या माणसाशी ओळख व्हावी लागते.

ती ओळख 'कसिनो रोयाल' करून देतो. यात बाँडला नुकताच ००७ हा क्रमांक, म्हणजे मारण्याचा परवाना मिळतोय. सुरुवात कृष्णधवल आहे. प्राग शहर, रात्र, एक ऑफिस, आणि मधून मधून दिसणारी पांढऱ्या फरशीच्या स्वच्छतागृहातली एक मारामारी. ती मारामारी नीट बघा. त्यात ऐट अजिबात नाही. धापा आहेत, आपटणं आहे, फुटणारं बेसिन आहे, आणि माणूस मारणं किती वेळखाऊ आणि किळसवाणं असतं हे आहे. पुढे बाँड पत्त्यांच्या डावात हरतो, चुकीच्या माणसावर विश्वास टाकतो, मार खातो. सुप्रसिद्ध धून सिनेमाभर मोकळेपणाने वाजत नाही आणि "बाँड, जेम्स बाँड" हे वाक्य अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलंय. ते ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तोवर या माणसाने ते नाव कमावलेलं असतं.

मूळ भाषेत, सबटायटल लावून बघा. हिंदी डबिंगमध्ये गोष्ट कळते, पण या मालिकेतली निम्मी मजा कोरड्या, दुहेरी अर्थाच्या वाक्यांत आहे आणि ती भाषांतरात सांडते.

क्रेगचे पाच ओळीने, पण मधे एक थांबा घेऊन

क्रेगच्या पाच सिनेमांची एकच सलग कथा आहे, म्हणून क्रम मोडू नका. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) आधीच्या सिनेमाच्या शेवटाला चिकटूनच सुरू होतो. तो १०६ मिनिटांचा, मालिकेतला सर्वांत छोटा. 'कसिनो रोयाल'नंतर दुसऱ्याच दिवशी बघितलात तर जमतो, महिन्याने बघितलात तर काहीच कळत नाही. मग 'स्कायफॉल' (२०१२), ज्याने जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली आणि ज्याच्या शीर्षकगीताला ऑस्कर मिळालं. मग 'स्पेक्टर' (२०१५). आपल्याकडे थिएटरात लागला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने त्यातली चुंबनदृश्यं निम्म्यावर आणली होती आणि त्यावरून बरीच चर्चा रंगली होती. जुन्या फॅननी तो विषय काढला तर आता तुम्हाला संदर्भ लागेल.

इथे थांबा. पाचवा, म्हणजे 'नो टाइम टू डाय', इतक्यात लावू नका. आधी १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' बघा.

हा थांबा मला स्वतःला कोणी सांगितला नव्हता आणि मी तो फार उशिरा शोधला. लेझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल. मोठ्या पडद्यावर अभिनयाचा अनुभव नाही आणि कॉनरीच्या जागी उभं राहायचं. तो एकच सिनेमा करून गेला, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी हा सिनेमाच फुकट गेला असं धरून चाललं. खरं तर दिग्दर्शक पीटर हंट यांनी आधीच्या बाँडपटांचं संकलन केलेलं होतं, त्यामुळे स्वित्झर्लंडच्या बर्फातले पाठलाग आजही धारदार वाटतात. शिल्टहॉर्नच्या शिखरावरचं गोल फिरणारं उपाहारगृह हा त्यातला खलनायकाचा अड्डा. आणि डायना रिग यांनी साकारलेली ट्रेसी ही बाँडच्या तोडीस तोड उभी राहणारी बाई आहे. लुई आर्मस्ट्राँग यांनी गायलेलं एक गाणं त्यात आहे, "आपल्यापाशी सगळा वेळ आहे" अशा अर्थाचं. ते गाणं आणि ते वाक्य मनात ठेवून मग 'नो टाइम टू डाय' लावा. पहिल्या काही मिनिटांतच मी थांबायला का सांगितलं ते उमगेल. दोन्हींचा शेवट इथे सांगत नाही.

मग मागे जा, आणि मागे जाताना क्रमाची चिंता सोडा

वाचनालयातून झुंजारच्या किंवा काळा पहाडच्या कथा आणून वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल. बाबूराव अर्नाळकरांचं हाताला लागेल ते पुस्तक उचलायचं आणि सुरू करायचं, मागचं वाचलंय की नाही याने अडत नसे. २००२ पर्यंतचे बाँडपट बहुतांशी तसेच आहेत. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र. दर शनिवारी एक लावलात तरी दोन-अडीच महिन्यांत पुरेशी तयारी होते.

कॉनरीचा एकच बघायचा तर 'गोल्डफिंगर' (१९६४). आज आपण ज्याला बाँडपट म्हणतो तो साचा इथे पक्का झाला. ॲस्टन मार्टिन डीबी५ ही गाडी, तिच्यातलं उडणारं आसन, सोन्याने रंगवलेली मृत मुलगी, टोपी फेकून मारणारा ऑडजॉब. सोन्याच्या पाट्यावर बाँडला बांधून लेझरचा किरण हळूहळू त्याच्याकडे सरकत येतो, तो प्रसंग लक्ष देऊन बघा. मूळ कादंबरीत तिथे लाकूड कापायची गोल करवत आहे. सिनेमावाल्यांनी लेझर आणला आणि पुढची साठ वर्षं खलनायकांच्या हाती काय काय यायचं याची दिशा ठरली. बाँड तिथून सुटतो तो कुठल्याही यंत्राच्या जोरावर सुटत नाही, अर्धवट ऐकलेलं एक नाव छातीठोकपणे फेकून सुटतो. मला कॉनरीचा बाँड तिथे सगळ्यात जास्त आवडतो.

मूरचा 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) निदान सुरुवातीच्या दृश्यासाठी बघाच. स्कीवरून पळणारा बाँड कड्यावरून थेट पोकळीत झेपावतो. संगीत थांबतं. स्की सुटून पडतात, शरीर खाली खाली जात राहतं, तुमचा श्वास अडकतो, आणि मग ब्रिटिश झेंड्याच्या रंगांचं पॅराशूट उघडतं. रिक सिल्व्हेस्टर या माणसाने कॅनडातल्या बॅफिन बेटावर ही उडी खरोखर मारली होती. संगणकावर काही तयार करायची तेव्हा सोयच नव्हती.

डाल्टनचा 'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७) आणि ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय' (१९९५) हे उरलेले दोन. डाल्टनने पुस्तकातला थकलेला, चिडलेला माणूस पडद्यावर आणला तो क्रेगच्या वीस वर्षं आधी, आणि त्याचं श्रेय त्याला अजून पुरतं मिळालेलं नाही असं मी मनापासून मानतो. 'गोल्डनआय'मध्ये शीतयुद्ध संपलंय आणि पहिल्यांदाच एक बाई, जुडी डेंच, बाँडची वरिष्ठ, म्हणजे 'एम', आहे. ती त्याला तोंडावर सांगते की तू जुन्या काळाचा अवशेष आहेस.

वेळ अगदीच कमी असेल तर चारच बघा: 'कसिनो रोयाल', 'स्कायफॉल', 'गोल्डफिंगर' आणि १९६९ चा.

लंबक कुठे झुकलाय ते बघायला शिका

आता ती किल्ली. १९७९ च्या 'मूनरेकर'मध्ये बाँड अवकाशात पोचला आणि तिथे लेझर बंदुकांची लढाई झाली. याहून मोठं काय करणार? पुढचा, १९८१ चा 'फॉर युअर आईज ओन्ली', सुरुवातीलाच बाँडची सुसज्ज लोटस गाडी स्फोटात उडवून टाकतो. आता पळायचं कशातून? नायिकेच्या पिवळ्या, डबड्यासारख्या छोट्या सिट्रोएनमधून. डोंगरउतारावर ती गाडी उलटते, गावकरी ती सरळ करून देतात आणि पाठलाग पुढे चालू होतो. निर्मात्यांनी त्या एका प्रसंगात जाहीर केलं की यंत्रं पुरे झाली, आता पुन्हा माणूस बघा.

असंच पुन्हा २००२ नंतर घडलं. 'डाय अनदर डे'मध्ये अदृश्य होणारी गाडी होती, संगणकावर रंगवलेल्या लाटेवरून बाँड सरकत होता. सिनेमा चालला, पण निर्मात्यांनी पुढच्या खेपेला पाटी पुसली आणि 'कसिनो रोयाल' काढला. बाँड त्यात बहामामध्ये उतरल्यावर चक्क साधी फोर्ड मोंडेओ चालवतो. 'स्कायफॉल'मध्ये बाँडला हत्यारं आणि यंत्रं पुरवणारा तरुण क्यू लंडनच्या नॅशनल गॅलरीत टर्नरच्या चित्रासमोर बसून बाँडला एक पिस्तूल आणि एक छोटा रेडिओ देतो, आणि फुटणाऱ्या पेनाच्या अपेक्षेवर हसतो. ज्याने 'गोल्डनआय'मधलं फुटणारं पेन बघितलंय त्यालाच हा टोमणा पूर्ण लागतो.

नवा सिनेमा बघताना म्हणून स्वतःला एवढंच विचारा: हा क्रेगच्या कुठल्या गोष्टीला उत्तर देतोय? क्रेगचा बाँड जखमी होता, मागचं ओझं वाहणारा होता, सलग कथेत अडकलेला होता. नवा त्याच वाटेने खोल जातो की पुन्हा सुटी, हलकी गोष्ट सांगतो? या प्रश्नाचं तुमचं उत्तर घेऊन गप्पांत बसा. वीस वर्षांचा मुरलेला फॅनसुद्धा कान देईल.

ठरलेले विधी, आणि एक धून

बंदुकीच्या नळीतून दिसणारा, चालत येऊन वळून गोळी झाडणारा माणूस. मग शीर्षकाआधीचा प्रसंग, मग गाणं आणि सावल्यांचा नाच, मग एमचं ऑफिस, तिथली सेक्रेटरी मनीपेनीशी दोन वाक्यं, क्यूचं दालन. कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग ठरलेला असतो आणि तरी आपण बुवांनी यंदा काय केलं ते ऐकायला जातो, तसं हे आहे. नवा दिग्दर्शक यातलं काय ठेवतो, काय पुढे-मागे करतो, यावर फॅन तासन्‌तास बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे. नळीचं ते चित्र मॉरिस बिंडर यांनी खऱ्या पिस्तुलाच्या नळीतून कॅमेरा रोखून टिपलं होतं. क्यूचं काम करणारे डेझमंड लुएलिन १७ सिनेमांत होते. नट बदलत गेले, ते राहिले.

आणि ती धून. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. माँटी नॉर्मन हे संगीतकार व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'वर एक संगीत नाटक करायच्या खटपटीत होते. त्रिनिदादमध्ये ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ती गोष्ट. त्यासाठी त्यांनी एक गाणं बांधलं, शकुन-अपशकुनाबद्दलचं, भारतीय ढंगाचं. नाटक रंगमंचावर आलं नाही. 'डॉ. नो'साठी धून हवी होती तेव्हा नॉर्मन यांनी खणातलं ते गाणं काढलं, त्याचे सूर तोडून तोडून घेतले, जॉन बॅरी यांनी वाद्यमेळ बांधला आणि व्हिक फ्लिक यांनी गिटारवर ते छेडलं. ते मूळ गाणं ऐकायला मिळालं तर जरूर ऐका. शिंकेचा अपशकुन घेऊन जन्मलेल्या माणसाचं गाऱ्हाणं चालू असतं आणि त्यातून अचानक ००७ची धून डोकावते.

'ऑक्टोपसी' बघताना

भारतातला बाँड म्हणून आपल्याकडे हा सिनेमा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. १९८३ चा, उदयपूरला चित्रित झालेला. पिछोला तळ्यातला लेक पॅलेस म्हणजे ऑक्टोपसीचं घर आणि तिथल्याच डोंगरावरचा सज्जनगढ महाल म्हणजे खलनायक कमाल खानचा वाडा. कबीर बेदी त्यात त्याचा अंगरक्षक गोबिंदा आहेत. त्यांना फार बोलावंही लागत नाही. बाँड फाशांच्या डावात कमाल खानला त्याच्याच लबाड फाशांनी हरवतो आणि गोबिंदा ते फासे मुठीत घेऊन चुरा करतो. पडद्यावर दोन-चार सेकंदच दिसतं, पण पुढे हा माणूस समोर आला की आपल्याला भीती वाटते.

टेनिसपटू विजय अमृतराज यांनी बाँडच्या मदतनीसाचं काम केलंय. बाँड घाटावर उतरतो तेव्हा ते गारुड्याच्या वेषात पुंगीवर बाँडचीच धून वाजवून त्याला खूण करतात. त्रिनिदादच्या भारतीयांसाठी बांधलेली चाल २१ वर्षांनी पुंगीवर परत आली, हे मला जेव्हा जाणवलं तेव्हा मी सिनेमा मागे घेऊन तो प्रसंग पुन्हा बघितला.

मात्र याच सिनेमात रिक्षाच्या पाठलागात खिळ्यांचा पलंग, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवरून चालणारा असा परदेशी डोळ्यांना हवा तेवढाच भारत आहे, आणि आपल्या माणसांच्या हातात नोटा ठेवताना बाँड करीवरून जो शेरा मारतो तो कानाला टोचतो. तो टोचला पाहिजे.

जुन्या सिनेमांत असं बरंच भेटेल. 'गोल्डफिंगर'मध्ये गोठ्यातल्या प्रसंगात बाई नको म्हणत असताना बाँड तिच्यावर जबरदस्ती करतो आणि सिनेमा त्याला प्रेम समजतो. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये कॉनरीला रंगरंगोटी करून जपानी बनवलंय. मला हे प्रसंग आजही बघवत नाहीत. घरात तेरा-चौदा वर्षांची मुलं बरोबर बसली असतील तर तिथे सिनेमा थांबवा आणि बोला. "त्या काळात चालायचं" एवढ्यावर सोडू नका, कारण त्या काळातल्या बायकांनाही ते चालत नव्हतं.

"बाँड हे पदाचं नाव आहे" असं कोणी म्हणालं तर

*१९६९ चा सिनेमा अजून बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.*

प्रत्येक गप्पेत कोणीतरी हा सिद्धांत मांडतं: ००७ प्रमाणे जेम्स बाँड हेसुद्धा खात्याने दिलेलं नाव, म्हणून नट बदलतात. ऐकायला पटतं, पण सिनेमांत ते टिकत नाही. 'फॉर युअर आईज ओन्ली'च्या सुरुवातीला मूरचा बाँड स्मशानात फुलं घेऊन येतो. थडग्यावर तेरेसा बाँड (म्हणजे ट्रेसी) हे नाव, १९४३ ते १९६९ ही सालं आणि जेम्स बाँडची लाडकी पत्नी असा उल्लेख आहे. म्हणजे लेझनबीचं लग्न ते मूरचं लग्न. माणूस एकच. क्रेगचा बाँड मात्र पहिल्यापासून नवा, वेगळ्या काळातला. जुडी डेंच दोन्हीकडे एम असल्यामुळे गोंधळ होतो, पण ती पात्रं वेगळी समजायची.

बातम्या आणि अफवा

पक्कं काय ते एवढं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईऑनचे निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांनी सिनेमाची सर्जनशील सूत्रं ॲमेझॉन-एमजीएमकडे सोपवली. साठ वर्षं एका कुटुंबाच्या हातात असलेली गोष्ट बाहेर गेली. ही फॅनमंडळींच्या काळजीची खरी बाब आहे आणि मीही त्या काळजीत आहे. त्यानंतर निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन, दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली.

नटांच्या नावांवर लंडनच्या सट्टेबाजांचे भाव छापून येतात, ती बातमी नव्हे. यूट्यूबवर फिरणारे चकचकीत ट्रेलर बहुतेक फॅननी जोडजाड करून बनवलेले असतात. स्टुडिओच्या स्वतःच्या खात्यावर आलं तरच पुढे पाठवा.

आणि नव्या नटाचं नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. ऑक्टोबर २००५ मध्ये थेम्स नदीतून नौदलाच्या बोटीने क्रेगला पत्रकारांसमोर आणलं तेव्हा केस सोनेरी आहेत, उंची कमी आहे म्हणून गहजब झाला होता. सिनेमावर बहिष्कार टाका म्हणणारी वेबसाइटही निघाली. वर्षभराने 'कसिनो रोयाल' आला.

गुपित राखा

या एका नियमाबाबत मी कडक आहे. 'नो टाइम टू डाय' भारतात ३० सप्टेंबर २०२१ ला लागला, पण महाराष्ट्रात कोरोनामुळे थिएटरं बंद होती. ती उघडली २२ ऑक्टोबरला. 'स्पेक्टर'नंतर सुरू झालेली वाट बघणं, पुन्हा पुन्हा पुढे ढकललेली तारीख, आणि शेजारच्या राज्यांत लोक सिनेमा बघून बाहेर पडत असताना आपण इथे तीन आठवडे कान झाकून. आमच्या गटात बंगळुरूला आणि लंडनला असलेले दोघं होते. दोघांनीही चकार शब्द काढला नाही. पण एका लांबच्या ओळखीच्या माणसाने स्टेटसवर शेवट लिहून टाकला आणि आमच्यातल्या एकाने तो वाचला. त्याने ते आम्हाला सिनेमा बघून होईपर्यंत सांगितलं नाही. शेवटच्या दृश्यात आम्ही सुन्न बसलेलो असताना तो आमच्याकडे बघत होता.

म्हणून पहिले पंधरा दिवस गटावर काहीही लिहिण्याआधी "शेवटाबद्दल आहे" असं वर लिहा आणि खाली दहा ओळी मोकळ्या सोडा. स्टेटसवर फक्त तिकिटाचा फोटो.

थिएटरात

जमलं तर मोठा पडदा निवडा आणि दहा मिनिटं आधी आत बसा. पॉपकॉर्नच्या रांगेत शीर्षकाआधीचा प्रसंग गेला तर तो परत मिळत नाही, आणि अनेकदा सिनेमातला सर्वांत उत्तम भाग तोच असतो. बरोबरच्याला काही समजावून सांगायचं असेल तर मध्यंतरापर्यंत थांबा.

सिनेमा संपला की उठू नका. श्रेयनामावलीच्या शेवटी एक ओळ येते, जेम्स बाँड परत येईल, अशी. १९७७ मध्ये त्या ओळीने पुढचा सिनेमा 'फॉर युअर आईज ओन्ली' असेल असं सांगितलं होतं. पण 'स्टार वॉर्स'चं यश बघून निर्मात्यांनी आधी 'मूनरेकर' काढला आणि ती ओळ खोटी ठरली. तेव्हापासून या ओळीकडे फॅन बारीक लक्ष ठेवून असतात. २०२१ च्या त्या रात्री नामावली संपेपर्यंत दिवे लागले होते, झाडूवाले मागच्या रांगेपर्यंत पोचले होते आणि थिएटरात आम्ही सहा जण उरलो होतो. ओळ आली तशी ज्याला शेवट आधीच कळला होता तो आमचा मित्र उठून उभा राहिला. तेवढी एक ओळ त्याला कोणी सांगितलेली नव्हती.